पिवळी रेघ

कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक केतकी परुळेकर अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं एक भावगीत नव्यानं मिक्स करत होती. गाणं वत्सला हुद्देदारांचं, चाल त्यांच्या यजमानांची. एक्क्याऐंशी वर्षांच्या वत्सलाबाई शेजारीच बसल्या होत्या. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे गाणं संपता संपता यजमान तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले, ही हकिगत सगळ्यांना ठाऊक होती.

ध्वनिशास्त्रज्ञ डॉ. मुजावरांनी आपला प्रतिध्वनिशोधक जोडला.

"हा नक्की काय करतो, सर?" केतकीनं विचारलं.

"आवाजावर बसलेला खोलीचा थर काढतो. त्यासाठी खोलीत काय होतं ते आधी ओळखतो. माणसाचं शरीर आवाज शोषून घेतं. श्वासानं छाती हलली तरी प्रतिध्वनी केसभर बदलतो. तेवढं याला पुरतं."

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. निळी गाणारीची, पिवळी खुर्चीतल्या माणसाची; श्वासागणिक दोन्ही वरखाली होत होत्या. रेघांमधलं अंतर म्हणजे दोघांमधलं अंतर.

"ही पिवळी म्हणजे... हे?" वत्सलाबाईंनी हळूच विचारलं.

"हो."

दुसऱ्या कडव्यात पिवळी रेघ एकदम उसळली आणि आडवी पडली. मग व्हायोलिन सुरू झालं. निळी रेघ सरकत सरकत पिवळीला जाऊन टेकली. नऊ सेकंदांनी ती माइकपाशी परतली. तिसरं कडवं सुरू झालं.

"बाई, तुम्ही उठून गेला होतात?" केतकीनं विचारलं.

वत्सलाबाईंनी मान हलवली.

"नाकाशी हात धरला. श्वास लागला नाही. वादक पलीकडच्या खोलीत, कुणाला काही दिसलं नाही. म्हटलं, गेलेच आहेत, तर यांचं गाणं तरी पुरं होऊ दे. तीन मिनिटं तर उरली होती."

मुजावरांचा हात बटणाकडे गेला. "आज इथंच थांबू या."

"का? राहू दे चालू."

वत्सलाबाईंनी चष्मा लावला. आडव्या पिवळ्या रेघेवर दर सात-आठ सेकंदांनी एक बारीकसा उंचवटा येत होता.

"मशीनची खरखर असेल, बाई," केतकी घाईघाईनं म्हणाली.

मुजावरांनी पडद्यावरची नजर खाली वळवली.

वत्सलाबाई पडद्याच्या काचेवर बोट टेकवून पहिल्यापासूनचे उंचवटे ओठांतल्या ओठांत मोजत राहिल्या. शेवटचा स्वर विरला. आवाज संपला तशा दोन्ही रेघाही तिथंच तुटल्या.

"तेवीस," त्या म्हणाल्या.