पाच रुपयांचं ताट

"ताट आणि धूळ यांत फारसा फरक नाही," असं गारगोटीने जाहीर केलं आणि केतकीच्या हातातला फडका हातातच राहिला.

गारगोटी हा आप्पांनी बनवलेला यंत्रमानव. आप्पा म्हणजे केतकीच्या आईचे वडील, जन्मभर दगडधोंड्यांत रमलेले भूशास्त्रज्ञ (जमीन आणि खडक यांचा अभ्यास करणारे). त्यांनी गारगोटीला असे डोळे दिले होते, की कुठलीही वस्तू समोर धरली, की तिच्यात कोणती द्रव्यं किती आहेत ते तो क्षणात सांगायचा. दगड ओळखायला असे डोळे उत्तमच. पण केतकीच्या आईने चंद्रावर ताटांचा कारखाना काढला आणि हिशेबही गारगोटीवरच सोपवला. घोळ तिथेच झाला.

कारखाना कसला, एक लहानसा घुमट होता तो. बाहेर मोठा आरसा, तो उन्हाचा झोत भट्टीवर टाकायचा. भट्टीत चंद्रावरची काळी धूळ वितळायची, तो रस साच्यात ओतायचा, हळूहळू निवू द्यायचा आणि वरून पृथ्वीवरून आणलेली झिलई (गुळगुळीत, चकचकीत थर) द्यायची, की झालं ताट. स्टीलचं ताट पृथ्वीवरून मागवायचं, तर वाहतुकीचा खर्चच डोळे पांढरे करणारा. त्यामुळे वसाहतीतली माणसं या काळ्याभोर ताटांवर खूश होती.

चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ चौदा दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच लांब. ऊन आहे तोवर भट्टी चालणार. कारखान्याचा तो पहिला दिवस आता मावळतीला आला होता. शंभर ताटं तयार झाली होती. चाळीस विकली गेली होती, साठ फळीवर रचलेली होती. वसाहतीच्या पंचायतीचा नियम असा, की नव्या उद्योगाने मावळतीला हिशेब द्यायचा. तोटा दिसला, तर घुमट रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार.

घुमट गेला असता, तर आईला परत दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाच्या खाणीत कामाला जावं लागलं असतं. तिकडे गेली, की आई कितीतरी दिवस घरी यायची नाही. तिचं खाणीतलं शिरस्त्राण अजून घुमटाच्या दाराशी खुंटीला टांगलेलं होतं. येता-जाता केतकीला ते दिसायचं.

"विक्री बत्तीसशे रुपये," गारगोटी वाचू लागला. "ताटात मला धूळ दिसते, ती फुकट. झिलई दिसते, ती पाच रुपयांची. म्हणजे एक ताट पाच रुपयांचं. चाळीस ताटांचे दोनशे. बाकीचे खर्च ताटात दिसत नाहीत, म्हणून ते सगळे या दिवसाच्या माथी. कारागिरांची मजुरी दोन हजार. घुमटाचं भाडं, आत भरलेली हवा आणि आरशाची देखभाल मिळून अडीच हजार. जाहिरात, ताटं घरोघर पोचवणारी गाडी आणि उद्घाटनाचे पेढे मिळून एक हजार. एकूण तोटा अडीच हजार."

आईने एकदा खुंटीकडे पाहिलं.

"आकडे तर बरोबर आहेत गं, उत्तरा," आप्पा हळूच म्हणाले. "वस्तूत जे नाही, ते वस्तूचं कसं म्हणायचं?"

केतकीला रडूच फुटणार होतं, पण त्याआधी तिला राग आला. तिने कोपऱ्यातल्या डब्यातून ओंजळभर धूळ आणली, फळीवर तिचा ढीग केला आणि वर झिलईची चमचाभर पूड टाकली.

"गारगोटी, हे काय आहे?"

गारगोटीचे डोळे लुकलुकले. "धूळ आणि झिलई. पाच रुपयांचं ताट."

"अस्सं? मग यात आमटी वाढू का?"

गारगोटीने डोळे ढिगावरून फळीवरच्या ताटांकडे वळवले. आप्पांना मात्र हसू आवरेना.

"याचं ताट व्हायला आणखी काय काय लागलं?" केतकी विचारतच राहिली. "कारागिरांनी साचे भरले. घुमटात हवा नसती, तर त्यांनी श्वास कुठे घेतला असता? आरसा पुसला नसता, तर धूळ वितळली असती का? ते काही ताटात दिसत नाही. पण ते नसतं, तर ताटच नसतं!"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चूक कबूल करायची असली, की ते असंच करत. "माझंच चुकलं रे गारगोटी. मी तुला वस्तू कशाची आहे ते बघायला शिकवलं. ती कशी झाली, ते राहूनच गेलं."

मग त्यांनी खडूने जमिनीवर एक मोठं वर्तुळ काढलं. हे ताट. त्यात पहिल्यांदा झिलई गेली. तो प्रत्यक्ष माल (जो थेट वस्तूत जातो). मग साचे भरणाऱ्यांची मजुरी गेली, ती प्रत्यक्ष मजुरी (वस्तू घडवणाऱ्या हातांचा मोबदला). भाडं, हवा आणि आरसा यांच्यापाशी मात्र गारगोटी अडला. कुठल्या ताटाने किती हवा खाल्ली, हे कसं मोजायचं?

"मोजायचं नाहीच," आई म्हणाली. तिचा आवाज आता जरा उजळला होता. "याला उपरिव्यय म्हणतात (कारखाना चालवण्याचा वरखर्च). एकेका ताटाचा वेगळा काढता येत नाही, म्हणून सगळ्या ताटांवर सारखा वाटून टाकायचा."

झिलईचे पाचशे, मजुरीचे दोन हजार, वरखर्चाचे अडीच हजार. पाच हजारांत शंभर ताटं, म्हणजे एक ताट पन्नास रुपयांना पडलं.

"आणि फळीवरची साठ ताटं?" केतकीने विचारलं.

"त्यांचे तीन हजार रुपये कुठेही गेलेले नाहीत," आई म्हणाली. "ते ताटांच्या रूपाने फळीवर बसलेत. ताट विकलं जाईल, तेव्हा त्याचा खर्च हिशेबात येईल."

"मग पेढेही वर्तुळात घालू या की!" आप्पांना आता चेव चढला होता. "गाडी घाला, जाहिरात घाला. त्यातलाही बराचसा खर्च फळीवर जाऊन बसेल आणि नफा आठशे दिसेल. पाचशेच्या वर नफा असला, तर पंचायत दुसरा आरसा देते!"

दुसरा आरसा म्हणजे दुप्पट ताटं. आईलाही क्षणभर मोह झाला.

केतकीने ढिगाऱ्याकडे पाहिलं. "आप्पा, पेढे वाटले नसते, तर ताट झालं नसतं का?"

"झालं असतं," उत्तर गारगोटीने दिलं. "पेढे ताटाचे नाहीत. पेढे दिवसाचे आहेत. ताट तयार झाल्यावर ते विकण्यासाठी केलेला खर्च ज्या काळात झाला, त्याच काळाचा."

आप्पांनी खडू निमूटपणे खाली ठेवला.

विक्री बत्तीसशे. विकलेल्या चाळीस ताटांचे दोन हजार गेले, उरले बाराशे. त्यातून विक्रीखर्चाचे हजार गेले. नफा दोनशे रुपये.

सरपंच तुस्कानोबाई सूर्य मावळता मावळता आल्या. त्यांनी अहवाल वाचला, फळीवरचं एक ताट उचललं आणि त्यावर बोटाने टकटक केलं.

"यात हवेचा खर्च धरलाय. कुठे आहे हवा?"

"दिसत नाही," केतकी म्हणाली. "पण तिच्याशिवाय हे झालं नसतं."

"आणि पेढे?"

"ते आम्ही खाऊन टाकले."

तुस्कानोबाई हसल्या. "गेल्या खेपेला एका वीटवाल्याने गाण्याच्या कार्यक्रमाचा खर्चसुद्धा विटांच्या किमतीत घातला होता. घुमट परत घ्यावा लागला." त्यांनी अहवालावर शिक्का उठवला. "घुमट तुमचाच राहील. दुसऱ्या आरशाचं पुढच्या मावळतीला बघू. आधी ही साठ ताटं विका."

त्या गेल्यावर आईने खुंटीवरचं शिरस्त्राण काढलं, उलटं करून फळीवर ठेवलं आणि झिलईचे कुंचले त्यात खोचले. केतकीने धावत जाऊन तिला मिठी मारली.

"हे भांडं कुठल्या खर्चात धरू?" गारगोटीने विचारलं.

"आधी त्याचं काम काय ते बघ," आप्पा म्हणाले.

गारगोटीने बराच वेळ पाहिलं. "ताटं बनवायला लागतं," तो म्हणाला. "वरखर्चात. आता ते इथेच राहणार."