तिसऱ्या हाकेला ओ

मी तळेगावच्या कॉलेजात मराठी शिकवते. गेल्या श्रावणात लोहगडवाडीच्या देवळात आम्ही एक जुना वग उभा केला. मावळात वीस वर्षं तो कुणी पाहिला नव्हता. तो करणाऱ्या शैलाबाईंचा तमाशाचा फड मोडला आणि त्याच वर्षी त्याही वारल्या. वग तोंडपाठ असलेलं एकच माणूस उरलं होतं, त्यांचे ढोलकीवाले चाँदभाई. आता ते वडगावच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करायचे.

गवळण, बतावणी, वग, सगळं त्यांनी सांगितलं. शेवट तेवढा आठवत नाही म्हणाले. तो मग मी लिहिला. राज्य सोडलेली राणी डोक्यावरून घोंगडी घेऊन धनगरणीच्या वेशात घाट उतरते. मागे न बघता तीनदा विचारते, "संगं कोण येतंय?" कुणीच बोलत नाही. ती एकटी निघून जाते.

तालमीत मी तो वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीला चाँदभाईंची बोटं माझ्यापुढे धावायला लागली. मी जिथे थांबणार होते, तिथेच ढोलकी थांबली.

"चाँदभाई, शेवट माहीत होता तुम्हाला?"

"इसरलो न्हवतो, बाई. शैलाबाईनीच गाळला व्हता." ते खाली बघत होते. "तिसऱ्या हाकेला कुणी ओ द्यायची न्हाई. पब्लिकला आधीच सांगून ठिवा."

"आणि दिली तर?"

ते ढोलकीची दोरी ताणत बसले.

असे शेवट जुन्या वगांत असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्रयोग दुपारी तीनचा. उघड्या सभामंडपात धुकं सरळ आत येत होतं, पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर ओलसर झाले होते. गडावरून उतरलेली पोरं भज्यांच्या प्लेटा घेऊन खांबांना टेकली होती. मी सूचना दिली, तेव्हा सगळे हसले. गवळण सुरू झाली आणि एक आजी शब्दन् शब्द पुटपुटायला लागल्या. मला भरून आलं. वग पुन्हा जिवंत झाला होता.

मग घोंगडी पांघरलेली राणी आली. हे काम माझ्या विद्यार्थिनीचं, कोमलचं. आवाज भरदार लागला होता, तालमीत कधी लागला नव्हता इतका. चेहरा दिसत नव्हता.

"संगं कोण येतंय?"

ढोलकी मंदावली.

"संगं कोण येतंय?"

भजी खाणारी पोरंही थांबली.

तिसऱ्यांदा तिने अगदी हळू विचारलं. घरातल्या माणसाला विचारावं तसं.

"आलो की," चाँदभाई म्हणाले.

त्यांनी ढोलकी कमरेची सोडली, जपून खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि तिच्या मागोमाग मंडपाबाहेर धुक्यात चालत गेले. चेहऱ्यावर हसू होतं.

पुढे दोन दिवस गावकऱ्यांनी दरी धुंडाळली. काही मिळालं नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, म्हाताऱ्याने काय शेवट केला! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते.

तेवढ्यात देवळामागच्या खोलीतून कोमल धावत आली. धापा टाकत, काष्टा सावरत.

"सॉरी मॅडम, कडी अडकली होती, कधीची दार ठोकतेय," ती म्हणाली. "आता जाऊ का स्टेजवर?"