पुढच्या फाटकाशी

जायचं तर जा, पोरांनो. मी कोण अडवणारा? सेरी गावापर्यंत कालव्याकाठची वाट सपाट आहे. मोटार नाही, चढ नाही, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला पॉप्लरची झाडं. आंधळ्यानंही सायकल हाकावी अशी वाट. तुमचे दिवेही चांगले दिसतायत. पण भांड्यात अजून सूप आहे, तेवढं संपेपर्यंत बसा. तोवर मी तुम्हाला रेजीचं सांगतो. रेजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सोलांजचा नवरा.

हा माणूस ओसेरच्या एका शाळेत कसरती शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याला पोरं उरली नाहीत शिट्टी वाजवायला, मग तो बायकोकडे वळला. दर शरद ऋतूत दोघं सायकलींवर पिशव्या बांधून हा अख्खा कालवा करायची. लोक म्हणायचे, काय छान जोडपं आहे. लांबून छानच दिसायचं. तो पुढे, ती मागे.

आता तुम्ही सायकलवाले आहात, तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय ते. रेजी जोरात पुढे जायचा आणि कुठेतरी झाडाखाली पाय टेकून थांबायचा. पाणी प्यायचा, हातपाय ताणायचा, सफरचंद खायचा. सोलांज धापा टाकत जवळ आली, अगदी दोन हातांवर आली, की पायडल मारून निघायचा. म्हणजे विश्रांती त्याची झालेली असायची. तिची कधीच व्हायची नाही. ती विचारायची, थांबू या का जरा? तो मान न वळवता म्हणायचा, "पुढच्या फाटकाशी." फाटक म्हणजे हेच, माझ्या दारापुढे आहे तसं, पाणी वरखाली करून बोटी चढवायचं-उतरवायचं. मी आयुष्यभर तेच केलं, झडपा उघडल्या आणि लावल्या. तर पुढचं फाटक यायचं, आणि रेजी त्याच्याही पुढे निघालेला असायचा. सव्वीस वर्षं संसार केला त्यांनी असा.

त्या साली ती दोघं इथे पोचली एकतीस ऑक्टोबरला. शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी संतांचा सण, सगळे आपापल्या कबरींवर शेवंती नेऊन ठेवतात. आमचे आईबाप सेरीच्या दफनभूमीत आहेत. मी पिवळ्या शेवंतीची मोठी कुंडी आणून ठेवली होती, सकाळी मोटारीनं नेणार होतो. रेजी म्हणाला, मोटार कशाला, आम्ही सेरीलाच मुक्कामाला चाललोय, घेऊन जातो. मला बरं वाटलं. मी माझी जुनी दोनचाकी गाडी काढली, सायकलीच्या मागे जोडायची, आणि त्याच्या सायकलीकडे नेली. त्यानं हात आडवा केला.

"आईबाप तिचे ना? मग ओढू दे तिला."

वर हसून मला म्हणाला, कालव्याची जुनी रीतच आहे ही. तशी होती खरी. माझा आजा सांगायचा. ज्या नाववाल्याला घोडा परवडत नसे, तो पडाव, म्हणजे मालाची मोठी नाव, काठावरून ओढायला बायकोला जुंपायचा. छातीवर रुंद पट्टा, पट्ट्याला दोर, दोराच्या टोकाला कोळशानं भरलेला पडाव, आणि नवरा सुकाणूशी पाइप ओढत बसलेला. काही बाया त्या पट्ट्यातच मेल्या. इथून सेरीपर्यंतच्या टप्प्यातही एक मेली, नाव कुणाला ठाऊक नाही. रेजीला हे सगळं ठाऊक होतं, रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तो म्हणाला, "घोड्याला चारा घालावा लागतो. बायको स्वतःचं शिजवून खाते, वर आपल्यालाही वाढते."

सोलांज उभ्याउभ्याच कॉफी पीत होती. तिनं कप खाली ठेवला आणि गाडी स्वतःच जोडून घेतली.

निघाली तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. आदल्याच रविवारी घड्याळं मागे केलेली, त्यामुळे अंधार लवकर पडणार होता. मी म्हटलं, उद्या जा. रेजी म्हणाला, तासाभराचं तर काम आहे.

पुढचं मला सोलांजनं सांगितलं. एकदाच. जसं सांगितलं तसं सांगतो.

कुंडी जड होती. ओली माती, शिवाय सायकलवर पिशव्या होत्याच. पहिल्या फाटकाशी रेजी थांबलेला दिसला, ती जवळ पोचली, तो निघाला. पाणी काळं झालं होतं, वर पॉप्लरची पानं साचलेली, गालिचा घातल्यासारखी. दुसऱ्या फाटकाच्या अलीकडे तिनं विचारलं, थांबू या का? त्यानं ठरलेलं उत्तर दिलं. मग त्याचा मागचा लाल दिवा लहान लहान होत गेला आणि वळणाआड गेला.

त्या वळणाच्या अलीकडेच गाडीचं चाक फुटलं.

तिनं हाका मारल्या. उत्तर नाही. ट्यूब होती, पंप होता, पण दोन्ही रेजीच्या पिशवीत. ती काठावर बसली. छाती दुखत होती म्हणे, पण बसायला मिळालं म्हणून बरंही वाटत होतं. असं मिनिटं किती गेली तिला माहीत नाही. अंधार पुरता झाला. मग तिनं फोन काढला आणि त्याला लावला.

त्यानं उचलला. पायडल मारतच बोलत होता. म्हणाला, "फोन कसला करतेस? तोंड नाही का?"

ती म्हणाली, चाक फुटलंय, परत ये.

"कुणाचं चाक? मागे तर आहेस माझ्या."

"मी मागे नाही, रेजी. मी वळणाच्या अलीकडे बसलेय."

तो हसला. म्हणाला, नाटकं नकोत, इतका वेळ मानेवर तुझा श्वास लागतोय माझ्या. दमेकऱ्यासारखी धापतेयस. आत्ताच विचारलंस ना, थांबू या का म्हणून? मी सांगितलं ना, पुढच्या फाटकाशी…

आणि बोलता बोलता गप्प झाला.

फोनमध्ये सायकलीच्या साखळीचा आवाज येत होता. तोही थांबला. मग सोलांजला तो श्वास ऐकू आला. रेजीचा नव्हे. दुसराच. लांब ओढलेला… मध्येच अडकणारा… पुन्हा ओढलेला. बाईचा.

"सोलांज," रेजी अगदी हळू म्हणाला, "मग हे…"

फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

ती उठली नाही. उठवेना. वारा नव्हता. पाणबदकं, बेडूक, काही नाही. फक्त पाणी होतं आणि पानं होती.

बऱ्याच वेळानं सेरीच्या बाजूनं पावलं आली.

सावकाश. एक पाऊल… मग थांबून दुसरं… घासत, रेटत, जड. तिच्या सायकलीचा दिवा वाटेवर पडला होता. त्या उजेडात रेजी आला.

सायकल नव्हती. तो चालत होता, पण चालत होता असं म्हणवत नाही. कमरेत इतका वाकलेला की हात जमिनीला लागत होते. सगळा भार छातीवर. छातीवर काही दिसत नव्हतं, पण जाकीट मात्र आडवं दाबलं गेलेलं, एका खांद्यापासून दुसऱ्या बाजूच्या बरगडीपर्यंत. खोलवर.

त्याच्या मागे दोर नव्हता.

तिनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर काही नव्हतं. पण पानं फाकत होती. साचलेली ती पानं मधोमध दुभंगत होती, दोन्ही काठांना सरकत होती, आणि मध्ये उघडं काळं पाणी रुंद होत होतं… काहीतरी मोठं, भरलेलं, हळूहळू पुढे येत असल्यासारखं. लाकडावर पाणी चाटतं तसा आवाज येत होता.

रेजी तिच्यासमोर आला. हात लांब केला असता तर लागला असता. त्यानं मान वळवली. तोंडातून फेस येत होता. डोळे शुद्धीवरचे. हेच सोलांजनं मला दोनदा सांगितलं, दादा, डोळे शुद्धीवरचे होते.

तो म्हणाला, "सोलांज… थांबू का?"

तिच्या लक्षात आलं, की तो तिला विचारतोय. बाकी कुणाला नाही. ती हो म्हणाली असती तर तो थांबू शकला असता, असं तिला त्या क्षणी कळलं. कसं, ते विचारू नका. कळलं.

ती म्हणाली, "पुढच्या फाटकाशी."

त्यानं मान खाली घातली. एक पाऊल टाकलं… मग दुसरं… आणि तिच्या दिव्याच्या उजेडातून बाहेर गेला.

त्याच्यामागून पाण्यावरची ती मोकळी जागा सरकत तिच्यासमोर आली. तिथून, माणूस उभा राहिला तर येईल तेवढ्या उंचीवरून, एका थकलेल्या बाईचा आवाज आला.

"उपकार झाले, बाई."

मग पानं पुन्हा मिटली.

सोलांजनं गाडी सोडली, कुंडी सायकलच्या नळीवर टेकवून धरली आणि सेरीपर्यंत चालत गेली. वाटेत रेजीची सायकल दिसली, झाडाला नीट टेकवून ठेवलेली, लाल दिवा चालू. ती तशीच पुढे गेली. मुक्कामाच्या घरी पोचली, अंगावरचं न काढता झोपली. दादा, इतकी गाढ झोप मला लग्नानंतर लागली नव्हती, म्हणाली. सकाळी कुंडी आईबापाच्या कबरीवर ठेवली आणि मग पोलिसांना फोन केला.

तो सापडला उलट्या दिशेला. माझ्या या घराच्याही खाली, चौथ्या फाटकापाशी. म्हणजे रात्री माझ्या दारावरूनच गेलेला. मी घरातच होतो, तुमच्यासारखंच सूप पीत होतो, मला काही ऐकू आलं नाही. पालथा पडला होता, तोंड मातीत. बुटांचे पुढचे भाग झिजून गेले होते आणि आतली बोटंही. छातीवर तळहाताएवढा रुंद निळा वळ. डॉक्टर म्हणाले, हृदय. लिहिलंही तसंच.

दफनाच्या दिवशी लोक गेल्यावर सोलांज माझ्या स्वयंपाकघरात कप विसळत होती, तेव्हा तिनं हे सांगितलं. मी तिची समजूत घालायला गेलो, म्हटलं, तू घाबरलेली होतीस, तोंडून काय गेलं ते तुझं नव्हतं, त्या बाईनंच ते वदवलं असेल.

तिनं कप पुसला.

"नाही, दादा. मीच म्हणाले. आणि तो पुन्हा येऊन विचारेल, तर पुन्हा तेच म्हणेन."

बरी आहे आता. तब्येत सुधारली, गाल वर आलेत. दर शरदात एकटी सायकल घेऊन हा कालवा करते. हवं तिथे बसते, हवा तितका वेळ.

काय? पुरावा?

पुरावा कसला, मुली. इथून सेरीकडे जाताना पहिल्या फाटकाच्या पुढे एक पूल लागेल, वाट त्याच्याखालून जाते. जुन्या दगडी पुलांच्या कोपऱ्यांवर खाचा असतात, तुम्ही पाहिल्या असतील. शेकडो पडाव गेले, शंभर वर्षं ओला दोर घासला, तेव्हा दगड तेवढा कापला गेला. हा पूल तसा नाही. जुना पाडून सिमेंटचा नवा बांधला, त्याच सप्टेंबरात, रेजी गेला त्याच्या आदल्या महिन्यात. सिमेंटच्या साच्याच्या फळ्या काढल्या तेव्हा मी तिथे उभा होतो. कोपरा सुरीसारखा होता.

दफनानंतर मी तिकडे चालत गेलो. पाण्याकडच्या कोपऱ्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीला, एक खाच आहे.

माझी तीन बोटं आत बसतात. आतून काचेसारखी गुळगुळीत.