आतला टायर

ट्रकमध्ये कोबी भरून झाला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. पाचच्या आत डोंगर उतरून भाजीबाजार गाठायचा होता. घाई होती, पण देलिया काही बेफिकीर बाई नव्हे. दोन्ही हेडलाइट तिने फडक्याने पुसले, मागचे दिवे लागतात का ते सात वर्षांच्या लुसियाला मागे उभं करून विचारून घेतलं. वायपरची रबरं कालच नवी घातली होती. टायरांवरून नजर फिरवली, सगळे ताठ दिसले. मग लेकीला शेजारी बसवून ती निघाली.

टायर तिने नुसते पाहिले, ठोकले नाहीत. ठोकायची खोड तातांगची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. नवरा तैवानच्या कारखान्यात गेला आणि ट्रक देलियाच्या गळ्यात पडला, तेव्हा चालवायला शिकवलं ते या म्हाताऱ्यानेच. निघण्याआधी पेरूच्या लाकडाचा दांडका घेऊन ते सहाच्या सहा टायर ठोकत.

"टायर म्हणजे काय दार आहे, ठोठावून विचारायला?" देलिया चिडवायची.

"विचारलं की सांगतो गं तो. मागे जोडटायर आहेत. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा भार उचलतो, ताठ दिसतो. मग उतारावर तोही फुटतो. डोळे फसतात, पोरी. कान नाही फसत."

ठोकून झालं की दारावर दोन थापा मारून, कडू तंबाखूची विडी ओढत ते शेजारी चढायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. शवपेटीत त्यांच्या उजव्या हाताशी तो दांडका देलियानेच ठेवला होता.

खिंडीत पोचेपर्यंत धुकं इतकं दाटलं की ट्रकचं नाक दिसेना. सगळे जिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत त्या पेर्लाच्या खानावळीपुढे देलिया घोटभर कॉफीसाठी थांबली. लुसिया सीटवर गाढ झोपली होती.

"पोरीला घेऊन असल्यात उतरणार?" पेर्लाने विचारलं.

"कोबी थांबतोय का माझ्यासाठी?"

"सासऱ्याच्या वरताण हट्टी आहेस! निदान त्याच्या नावाचा कप तरी ठेव."

खिडकीच्या फळीवर देवाघरी गेलेल्या ड्रायव्हरांसाठी कॉफी ठेवूनच सगळे पुढे जात. देलिया उठलीसुद्धा होती.

"परत येताना ठेवते. त्यांना कुठे घाई आहे?"

तेवढ्यात बाहेर आवाज आला. टण्ण.

जरा वेळाने ट्रकच्या दुसऱ्या अंगाला... टण्ण.

"कोण गं ते?" पेर्ला हळूच म्हणाली.

सावकाश, पाय ओढत कोणीतरी ट्रकभोवती फिरत होतं. टण्ण... टण्ण... धुक्याबरोबर कडू तंबाखूचा वास आत आला. आणि मग, भद्द.

पुन्हा तिथेच. भद्द. भद्द. ऐकत नाहीस का, असं विचारल्यासारखं.

देलिया धावली. ट्रकपाशी कोणी नव्हतं. लुसिया तशीच झोपली होती. जॅकचा दांडा काढून देलियाने मागचा डावा आतला टायर ठोकला. भद्द.

पेर्लाचा नवरा शेजारीच पंक्चर काढायचा. लुसियाला खानावळीत बाकावर निजवून दोघांनी टायर उतरवले. आतल्यात बोटभर खिळा होता. बाहेरच्याची कड तापून चिरली होती.

"कोबीसकट तिसरं वळणसुद्धा गाठलं नसतंस, बाई," तो म्हणाला. "ठोकून कोणी पाहिलं?"

देलियाने बाकावरच्या लेकीकडे पाहिलं. मटकन खाली बसून ती रडली.

खिळा काढून आतल्याला ठिगळ लावलं, बाहेरच्या जागी स्टेपनी चढवली. देलियाने पुन्हा सहाही टायर ठोकले. मग खिडकीच्या फळीवर कॉफी ठेवली, तातांगना लागायची तशी, तीन चमचे साखर घालून.

"चुकले, तातांग. पोर वाचली तुमच्यामुळे. हे उपकार मी कधी विसरायची नाही."

लुसियाला उचलून तिने दाराकडच्या सीटवर ठेवलं, दार लोटलं आणि स्वतःच्या जागी येऊन बसली. वायपर फिरले. नव्या रबरांनी काच लख्ख पुसली. समोर फक्त धुकं होतं.

पलीकडच्या दारावर दोन थापा पडल्या.

लुसिया झोपेतच मधे सरकली, आजोबांना जागा करून द्यायला सरकायची तशी. दाराशेजारची गादी हळूहळू खाली दबली. तंबाखूचा वास आता अगदी जवळून येत होता. देलियाला तिकडे बघायचा धीर झाला नाही, पण छातीतली धडधड मात्र कमी झाली होती.

"दार नीट लावून घ्या, तातांग," ती म्हणाली.

आणि ते आतून ओढलं गेलं.