दोन बोटं आखूड

"तुमची नळी माझ्या तोंडापर्यंत पोचत नाही," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पक्कड थेट तिच्याच पायावर पडली.

दुखलं असणारच, पण तिला काही कळलं नाही. सहा वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेली एकही नळी परत आली नव्हती. एकही! आणि हा समोर उभा... केसांतून पाणी गळतंय, खांद्यावर पाणबुड्यांचं जॅकेट, आणि चेहरा असा ओशाळलेला की चूक जणू त्याचीच आहे.

"शक्यच नाही," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तीनदा बघितलं."

चार दिवसांपूर्वी तो इथे आला होता तोही चुकूनच. त्याला जायचं होतं शेजारच्या किल्लीवाल्याकडे. दार चुकला, आत डोकावला, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लहानमोठ्या नळ्यांची रांग पाहिली आणि किल्ली विसरून विचारलं, "माझ्या जॅकेटची नळी फार लोंबते हो. बदलून मिळेल का?" जलतरण तलावावर तो जीवरक्षक होता. समुद्रातल्या बचाव पथकात जाण्यासाठी त्याची या शुक्रवारी परीक्षा होती.

"मिळेल की. बसा स्टुलावर. जॅकेट घाला, पट्टे आवळा, नजर समोर."

पाण्याखाली या जॅकेटात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. आणि त्या हवेची सगळी मदार डाव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या एका जाड, सुरकुतलेल्या नळीवर. तिच्या टोकाला दोन बटणं आणि तोंडात धरायची तोटी. नळी लांब झाली तर दगडाधोंड्यांत अडकते. आखूड झाली तर बटण बिघडलेल्या वेळी तोंडाने हवा भरता येत नाही, आणि नेमका तोच प्रश्न परीक्षेत असतो. म्हणून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायची, स्वतः डाव्या अंगाला उभी राहायची आणि खांद्यापासून ओठांपर्यंत टेप लावायची. तलावावरचे लोक तिला मोजणीवाली म्हणत. ते नाव तिला फार आवडायचं.

त्याचं माप आलं होतं सोळा इंच. सोळा इंची नळी तिने स्वतः बसवली, पट्टी आवळली, पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. मग आता...

"किती कमी पडते?" तिने विचारलं.

त्याने दोन बोटं वर केली.

"पट्टे सैल ठेवले असतील तुम्ही."

"ठेवले असतील," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच मान्य करणारं गिऱ्हाईकही तिने कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा स्टूल, पुन्हा टेप. पट्टे तिने स्वतः आवळले, इतके की तो "अहो, श्वास तरी घेऊ द्या" म्हणाला. माप? सोळा. तोटी बरोबर ओठांशी.

"बघा! पोचतेय!"

"पोचतेय खरी," तो म्हणाला, आणि त्याचा श्वास तिच्या मनगटावर आला. तिने टेप घाईघाईने गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. ओला, ओशाळा, दोन बोटं वर केलेली.

आता मात्र तिच्या पायाखालची जमीनच सरकली, कारण या वेळी मामा दुकानात होता. दुकान मामाचं. मोजणी-बिजणीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. सगळ्यांना एकच माप, पिशवीत घालून द्या आणि मोकळे व्हा, हे त्याचं धोरण. तिचं टेबल त्याने चालू ठेवलं होतं ते एवढ्याचसाठी की तक्रार म्हणून कधी येत नव्हती.

"दोनदा परत आली?" मामाने चहाचा कप खाली ठेवला. "तुझी नळी?"

"अरे मामा, काहीतरी..."

"हे बघ गं, भाचीबाई. तिसऱ्यांदा आली ना, की हे टेबल मी इथून उचलतो. त्या जागी पाण्यातल्या चष्म्यांचं कपाट. तू काउंटरवर बसायचं."

मामा चेष्टा करत नव्हता. चेष्टा करताना त्याच्या मिशा हलतात, त्या हलल्या नाहीत.

"दोन बोटं वाढवून द्या ना," जीवरक्षक हळूच म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही..."

"अंदाजाने द्यायला मी कापड विकते का?" ती त्याच्यावरच उखडली. "डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी नळी देत नाही! उद्या सकाळी तलावावर येते. पाण्यात उतरून दाखवा."

"सहाला?" त्याचे डोळे चमकले. इतक्या वाईट बातमीवर कुणाचे डोळे चमकतात का? तिला त्याचंही नवल वाटलं.

सकाळी तलावावर चिटपाखरू नव्हतं. तो जॅकेट घालून पाण्यात उतरला, छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला, नजर समोर ठेवून तोटी तोंडाकडे आणली. तोटी हनुवटीशी थांबली. खरोखर, दोन बोटं खाली.

हात आपला, टेप आपला, आणि तरी चूक!

"बाहेर या," ती कशीबशी म्हणाली. "इथेच मोजते."

तो काठावरच्या बाकावर बसला. ती डाव्या अंगाला उभी राहिली, टेप लावला. सोळा. तोटी पुन्हा ओठांशी! तिने डोळे मिटले, उघडले, आणि मदत मागावी तशी समोर पाहिलं. समोर कार्यालयाचं काचेचं दार होतं. त्यात ती दिसत होती, टेपवर वाकलेली. आणि तो दिसत होता... मान पुरती डावीकडे वळलेली. तो तिच्याकडे बघत होता. अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा.

ती हबकली. सहा वर्षं तिने खांदे पाहिले होते, हनुवट्या पाहिल्या होत्या, तोटी आणि ओठ पाहिले होते. मोजताना गिऱ्हाइकाचा अख्खा चेहरा काही कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही कुठे बघताय?" तिने काचेत बघतच विचारलं.

"समोर."

"समोर त्या दाराच्या वर घड्याळ आहे. किती वाजलेत?"

"अं... सहा... म्हणजे..." मग त्याने दचकून समोर पाहिलं. काचेत त्यांची नजरानजर झाली आणि त्याचे कान लालभडक झाले. "आईशप्पथ! मला माहीतच नव्हतं हो!"

"तिन्ही वेळा?"

"मला वाटत होतं मी सरळ बसलोय..." तो तिच्याइतकाच हादरला होता. "खरंच सांगतो. पाण्यात तुम्ही शेजारी नसता ना... तिथे मान सरळ राहते."

राग आला होता, नक्कीच आला होता, पण तो कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं.

"तुमच्या मानेपायी माझं टेबल जाणार होतं! कळतंय का?"

"मग मामांना मी सांगतो."

"काय सांगणार?"

"खरं आहे ते."

"वेड लागलंय का?" तिला एकदम हसू फुटलं आणि आपण हसलो याचाच तिला धक्का बसला. ती वळून त्याच्या थेट पुढ्यात उभी राहिली. "आता माझ्याकडे बघा. मापासाठी सांगतेय. उगाच खूश होऊ नका."

"नाही होत," तो खूश होऊन म्हणाला.

मान सरळ, नजर समोर. अठरा इंच. सोबत आणलेल्या पिशवीतली अठरा इंची नळी तिने तिथेच बसवली. तो पाण्यात उतरला, तोटी ओठांशी आली, त्याने हवा भरली आणि अलगद वर तरंगला. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याचा चेहरा मात्र पडला.

"आता काय झालं?"

"बरोबर बसली की नळी... म्हणजे चौथ्यांदा यायला कारण राहिलं नाही."

"नळ्या वर्षाने तपासायच्या असतात."

"वर्षाने?"

"शुक्रवारी परीक्षा आहे ना?" ती पिशवीची चेन ओढता ओढता म्हणाली. "निकाल सांगायला तरी याल की नाही?"

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने मामाला सगळं सांगून टाकलं. "नळी बरोबर होती, मामा. मान चुकीची होती. मी हिच्याकडे बघत होतो."

मामाचा चहा घशातच अडकला. बराच खोकून झाल्यावर त्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "मान वळली म्हणून दोन बोटांचा फरक? मला काय दूधखुळा समजलात? बस गं तू स्टुलावर. तुझं जॅकेट घाल. मी स्वतः मोजतो."

ती बसली. मामाने टेप घेतला आणि तिच्या डाव्या अंगाला उभा राहिला. त्याच्या मागे, दाराशी, जीवरक्षक ताटकळत होता.

"नजर समोर."

"समोरच आहे, मामा."

मामाने खांद्यापासून ओठांपर्यंत टेप धरला. आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सोळा," तो म्हणाला. "आणि तुझ्या नळीचं माप किती गं?"

सहा वर्षं ती हेच जॅकेट घालून पाण्यात उतरत होती. "...अठरा."

मामाने टेप हळूहळू गुंडाळला. त्याच्या मिशा हलायला लागल्या होत्या.

"टेबल राहू दे," तो म्हणाला. "दार मात्र या स्टुलाच्या समोर करून घ्यायला हवं. अगं, आता तरी मान सरळ कर!"

पण तिचं मामाकडे लक्षच नव्हतं. दाराशी उभा असलेला तो दोन बोटं वर करून हसत होता, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली.