कलम सतरा

जतच्या माळावरच्या आंतरग्रह संपर्क केंद्रात त्या दिवशी सकाळपासून एकाच कलमावर भांडण चाललं होतं. पहिली सोळा कलमं दोन महिन्यांत हातावेगळी झाली होती. सतराव्याने मात्र समितीला जेरीस आणलं होतं.

काम होतं नामशोध-संदेशांसाठी एक वाचनीय साचा ठरवण्याचं. एका यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर आधी त्याचा पत्ता लागतो. तो पत्ता विचारणारा छोटासा संदेश म्हणजे नामपृच्छा. पृथ्वीवर हे काम डीएनएस या नावाने कित्येक दशकं बिनबोभाट चालू होतं, आता ते मंगळापलीकडे न्यायचं होतं. पण हे संदेश म्हणजे नुसते अंक. माणसाने वाचायचे तर डोळे फिरतात. म्हणून प्रत्येक संदेश उलगडून जेसनमध्ये, म्हणजे आधी घटकाचं नाव आणि त्यापुढे त्याची किंमत अशा साध्या ओळींत, लिहायचा होता. कोणी विचारलं, काय विचारलं, एकूण प्रश्न किती. मंगळाभोवती फिरणारा टप्पा-उपग्रह ही नोंदवही ठेवणार होता आणि आठवड्यातून एकदा पृथ्वीकडे पाठवणार होता.

"जागा वाचवायला चांगल्या पृच्छांची आपण नुसती संख्या ठेवणार," नीळकंठ भोईर म्हणाला, "आणि चुकलेल्या मात्र अख्ख्याच्या अख्ख्या जपणार! हेमांगीबाई, तुम्ही तांदूळ फेकून खडे डब्यात भरताय."

नीळकंठ संपर्क अभियंता होता आणि बोलायला फटकळ. डॉ. हेमांगी रेडकर साच्याची मुख्य रचनाकार होती. ती मालवणची असल्यामुळे फटकळपणाची तिला भीती नव्हती.

"भोईर, बरोबर पृच्छा ठरलेल्या दहा-बारा नावांचीच असते. तिचे घटक कळले की ती हवी तेव्हा पुन्हा बनवता येते. चुकलेली पृच्छा नियमाबाहेरची. तिचे मूळ अंक एकदा टाकले की ती कायमची गेली."

"जाऊ दे की! काय बिघडलं?"

"समजा, पृच्छेच्या मथळ्यात लिहिलंय 'प्रश्न दोन', आणि आत प्रश्न एकच आहे. तुम्ही नोंदीत काय लिहाल?"

"एक. मोजलाय ना मी!"

"मग पाठवणाऱ्याने दोन म्हटलं होतं, हे कोणाला कळणार? त्याला आणखी काही विचारायचं असेल आणि जमलं नसेल. आपण नोंद ठेवणारी माणसं आहोत, पेपर तपासणारे मास्तर नाही. त्याने दोन लिहिलं तर आपणही दोनच लिहायचं, आणि खाली मूळ अंक जसेच्या तसे ठेवायचे."

गुप्त मतदान झालं. सात विरुद्ध दोन. हेमांगी जिंकली.

समितीत एक पद्धत होती. जो वादात हरेल त्यानेच ते कलम लिहायचं. हरलेला माणूस आधी पळवाटा शोधतो, आणि लिहायची वेळ आली की त्याच बुजवत बसतो, असा अनुभव होता. नीळकंठने नाक मुरडत अकरा खर्डे लिहिले. बारावा त्याने हेमांगीच्या टेबलावर आपटला.

"घ्या. झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन आता."

तीन महिन्यांनी तो आणखी चौघांबरोबर 'टिटवी' या यानावरून लघुग्रहांच्या पाहणीला गेला. यानाच्या संगणकात त्याने स्वतःच्या हाताने हाच साचा बसवला होता.

त्यानंतर चौदा महिन्यांनी टिटवी गप्प झाली. शेवटचा संदेश एका शब्दाचा होता, 'धडक'. मुख्य अँटेना गेली होती. शिल्लक होता तो फक्त नामपृच्छा पाठवणारा एक चिमुकला सेवा-प्रक्षेपक. यानाची वेळ जुळवण्यासाठी दर सहा तासांनी तो टप्पा-उपग्रहाला घड्याळ-केंद्राचा पत्ता विचारायचा. ते तो आपोआपच करायचा, यानात माणसं जिवंत असोत वा नसोत.

एकोणिसाव्या दिवशी केंद्राचे संचालक आणि समितीचे एक सदस्य ग्रेगरी डाबरे यांनी हेमांगीला बोलावलं. वसईचे डाबरे हळू बोलत. त्या दिवशी तर त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"मंगळाभोवतीच्या कक्षेत आपलं दुसरं यान आहे, 'घार'. तिच्यावर बारा माणसं आहेत. उद्या दुपारी चार वाजता तिला पृथ्वीकडे निघावं लागेल. टिटवीकडे वळवली तर इंधन तिथेच संपेल, आणि त्या बाराजणांना घरी यायला दोन वर्षं जास्त लागतील. टिटवीवर कोणी जिवंत आहे याचा एक पुरावा द्या, मी आत्ता वळवतो. नुसत्या आशेवर नाही वळवता येणार."

हेमांगीला त्यांचा राग आला, आणि ते बरोबर बोलतायत याचा त्याहून जास्त आला.

आठवड्याची नोंदवही त्याच सकाळी आली होती. तिने ती उघडली. टिटवीकडून आलेल्या बरोबर पृच्छा, धडकेपासून शहात्तर. दिवसाला चार, एकोणीस दिवस. यंत्राची हजेरी चोख होती, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. खाली चुकलेल्या पृच्छांचा रकाना होता. तो उघडायची तसदी सहसा कोणी घेत नसे. त्यात एकतीस नोंदी होत्या, सगळ्या गेल्या पाच दिवसांतल्या.

"यंत्राला मार बसलाय," डाबरे म्हणाले. "बरळतंय ते."

"सर, बरळणारं यंत्र दर वेळी वेगळं बरळतं. या एकतीसही पृच्छांत एकच चूक आहे. शिवाय या त्या शहात्तरांच्या वरच्या आहेत, सहा तासांच्या मधल्या वेळात कधीही आलेल्या."

"कोणती चूक?"

हेमांगीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती थबकली. पडद्यावर ओळ होती, 'प्रश्नसंख्या: २'. त्याखाली प्रश्न एकच होता.

"मेल्या," ती ओरडली, "माझांच उदाहरण घेतलंस!"

डाबरे बघतच राहिले. तिची बोटं तोवर मूळ अंकांवर धावत होती. एकमेव प्रश्न संपल्यावरही अंक संपत नव्हते. त्या शेपटाची तिने अक्षरं केली. पहिल्या पृच्छेत होतं: 'पाचही जिवंत. हवा ५७ दिवस.' पुढे यानाच्या कक्षेचे आकडे होते. शेवटच्या पृच्छेत होतं: 'पाचही जिवंत. हवा ५२ दिवस.'

हेमांगी खुर्चीत बसली आणि न लाजता रडली.

"पण त्याने सरळ का नाही विचारलं?" डाबऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "नियमात बसणाऱ्या पृच्छेतच नावाच्या जागी 'वाचवा' लिहायचं!"

"तसल्या नावाचं यंत्रच नाही. उपग्रहाने 'सापडलं नाही' म्हणून आकड्यात एकाची भर टाकली असती आणि विषय संपला असता. नियमात बसणाऱ्या संदेशाची नुसती संख्या उरते, सर. अख्खा जपला जातो तो चुकलेला. हे भोईरांइतकं कोणाला ठाऊक? कलम त्यांनीच लिहिलंय."

डाबऱ्यांनी घारेवरच्या बाराजणांना विचारलं. निरोप जायला चौदा मिनिटं, यायला चौदा. उत्तर आलं, "विचारताय काय? वळवा!" आणि साऱ्या केंद्रात एकच जल्लोष झाला.

आता टिटवीला कळवायचं होतं. तिथे पोहोचणार फक्त नामशोधाचं उत्तर, म्हणजे घड्याळ-केंद्राचा पत्ता. हेमांगीने उत्तराच्या मथळ्यात लिहिलं, 'उत्तरे: २'.

"दुसरा प्रश्न आलाच नव्हता," डाबरे म्हणाले. "हे उत्तर चुकीचं ठरेल. यान टाकून देईल."

"चुकीचं ठरेलच. म्हणून तर जपलं जाईल. तिथेही हाच साचा आहे, आणि भोईरांनी पळवाट ठेवलेली नाही."

पहिलं उत्तर तिने नियमाप्रमाणे पत्त्याचं दिलं. दुसरं होतं: 'घार निघाली. ४१ दिवसांत पोहोचते.'

त्यानंतर टप्पा-उपग्रहाला दर तासाला नोंदवही पाठवायला सांगितलं. पहिल्या तासाला काही आलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या तासाला चुकलेल्या पृच्छांच्या रकान्यात टिटवीची एक नवी नोंद उमटली. सगळे पडद्याभोवती जमले.

'प्रश्नसंख्या: ०'.

आत प्रश्न खरोखरच नव्हता. होतं ते फक्त अंकांचं शेपूट. हेमांगीने ते मोठ्याने वाचलं.

"'आता काही विचारायचं नाही. कलम सतराबद्दल माझं मत बदललं आहे. इतिवृत्तात नोंद व्हावी.'"

हशा आणि टाळ्या थांबेनात. हेमांगीने जुनं इतिवृत्त उघडलं आणि 'सात विरुद्ध दोन' खोडून 'आठ विरुद्ध एक' लिहायला घेतलं.

"थांबा," मागून डाबरे हळूच म्हणाले. "नऊ विरुद्ध शून्य लिहा. ते दुसरं मत माझं होतं."