शेवंतीचं पान

रामाच्या देवळात, कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांसमोर हात जोडून सांगायला लावलंत, तरी मी हेच सांगेन. यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही.

१९८६ साल. पितृपक्षातली अविधवा नवमी. मुलुंडची आमची चाळ, तळमजला, खोली नंबर सात.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. साडेबाराची.

आधी शेवंतीबद्दल सांगते.

आमच्या ह्यांच्या, म्हणजे गुणाजींच्या, खापरपणजीचं नाव शेवंती. गाव मालवणजवळचं. तिचा नवरा धाकू सव्वाशे वर्षांपूर्वी जहाजात बसून मॉरिशसला गेला, गोऱ्या साहेबाच्या उसाच्या मळ्यावर. पाच वर्षांत येतो म्हणाला.

आला नाही.

शेवंती लहान पोराला घेऊन वाट बघत राहिली. रोज दुपारी आपल्या पानाशेजारी त्याचं पान मांडायची. अशी तीस वर्षं. कुंकू लावलेल्या कपाळानेच गेली. तो तेव्हा होता की नव्हता, कुणाला ठाऊक? म्हणून आमच्याकडे तिचं पान अविधवा नवमीला वाढतात. तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवायचं, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं.

सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "तिचा पान सगळ्यांच्या आधी वाढूचा. आणि तिच्यासमोर सवतीचा नाव काढूचा नाय. ती वायट नाय गो, पण मत्सरी आसा."

पान वाढलं, की दरवर्षी पाटाजवळ...

एका बांगडीचा आवाज व्हायचा. एकदाच.

"इली," सासूबाई म्हणायच्या आणि हात जोडायच्या. त्या गेल्यावरही तो आवाज यायचा. मला कधी भीती वाटली नाही. घरचंच माणूस होतं ते.

त्या वर्षी मालन आली.

मॉरिशसची मुलगी, अठ्ठावीस-तीसची, तिथल्या शाळेत मराठी शिकवायची. मुंबईत तीन महिन्यांचा कसला तरी अभ्यासक्रम होता तिचा. पण खरी आली होती सासरचं मूळ शोधायला. तिच्या नवऱ्याचं नाव शिवदास. आडनाव धाकू. जहाजावरच्या कारकुनाने पूर्वजाचं नावच आडनाव म्हणून लिहून टाकलेलं. तिच्याकडे नोंदवहीच्या पानाची नक्कल होती. धाकू, बापाचं नाव लवू, वय चोवीस, आणि आमच्या गावाचं नाव.

शोधत शोधत ती आमच्या ग्रामस्थ मंडळात पोचली. ह्यांनी तिला घरी आणलं.

"अहो, हाच आपला धाकू कशावरून?" मी ह्यांना आत बोलावून विचारलं.

"ता पण खरा. आमच्या गावात दर दोन घरांमागे एक धाकू. पण फोटो बघ नवऱ्याचा! अगदी आमच्या थोरल्या काकांचं नाक."

"काकांचं नाक अर्ध्या मालवणात सापडेल."

मालन बाहेरून हसली. तिला सगळं ऐकू आलं होतं. म्हणाली, "काकी, मला खात्री पाहिजे. सासरे आजारी आहेत. त्यांना मरायच्या आधी आपलं घर कोणतं ते ऐकायचं आहे. चुकीचं घर सांगितलं तर मला पाप लागेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला नवमीला जेवायला बोलावलं.

तेव्हाच तिच्या गळ्यातली साखळी दिसली. साखळीत चांदीचा छोटा टाक होता. त्यावर उभी बाई कोरलेली, झिजून गुळगुळीत झालेली.

"ही आमची कुलदेवी," मालन म्हणाली. "लग्न झालं की सुनेच्या गळ्यात घालतात. कधीच काढायची नाही."

पण मला कळलं होतं.

ती देवी नव्हती.

पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की आपल्याकडे पहिलीचा टाक घडवतात आणि दुसरीच्या गळ्यात घालतात. मेलेल्या सवतीचा मत्सर बाधू नये म्हणून. म्हणजे धाकूने तिकडे लग्न करताना सांगितलं असणार, माझी पहिली मेली.

आणि इकडे शेवंती रोज त्याचं पान मांडत होती.

त्याच आठवड्यात देवळात बुवांनी मत्सरावर कीर्तन केलं होतं. नामापुढे मत्सर लोण्यासारखा विरघळतो, असं ते चिपळ्या वाजवत इतकं गोड गायले, की मी घरी येईपर्यंत रडत होते. माझ्या मनात आलं, दोन्ही घरं एका पानावर आणू. नवमीची सवाष्ण म्हणून मालनलाच बसवू.

एवढीच माझी चूक. पण चूक झाली.

दरवर्षी शेजारची कमल बसायची. तिला सांगितलं तर ती फणकारली.

"बारा वर्षं मी बसते गं द्रौपदी! आता परदेशी पाहुणी आली म्हणून माझं पान कापलंस काय?"

"असं काय करतेस! तुला डबा देते ना."

"डबा नको. तुझी फॉरेनची सवाष्णच जेवू दे."

नवमीला वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं केलं. हे मंडळाच्या कामाला गेले होते, एकपर्यंत येणार होते. मालन हिरवी साडी नेसून पाटावर बसली.

मी म्हटलं, "तो टाक काढ. आज तो पानाजवळ ठेवू."

"काकी, काढायचा नसतो..."

"अगं, स्वतःच्या घरीच आहे तो."

तिने काढला. मी तो पानाजवळ ठेवला.

आणि...

शेजारचा रेडिओ बंद पडला.

नळावरच्या बायकांचा आवाजही थांबला. भर दुपारी चाळ अशी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

मी मालनला कुंकू लावलं. ताट घ्यायला वळले. परत बघते तर...

कपाळ कोरं.

पंख्याखाली सुकून झडलं असेल, म्हणून पुन्हा लावलं. या वेळी बोट ओलं करून. ओटीचे तांदूळ घ्यायला खाली वाकले, वर पाहिलं...

कोरं.

डागसुद्धा नाही. जसं कुणी पदराने पुसून घ्यावं.

सवाष्णीच्या कपाळाचं कुंकू जाणं म्हणजे काय, ते आपल्या बाईला सांगावं लागत नाही. तिसऱ्यांदा लावलं. या वेळी नजर हलवली नाही.

माझ्या डोळ्यांदेखत ते कुंकू एका बाजूने पुसत गेलं.

हळू. सावकाश.

मालनला काहीच कळलं नव्हतं. ती मान वळवून मोरीकडे बघत होती.

"काकी, आत कोण आहे?"

"कुणी नाही गं."

"बाई बोलते आहे."

"काय... काय बोलते?"

मालनने ऐकलं तसं, शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

"हीच ती काय गो?"

मालवणी. मालनला न येणारी.

मग बांगड्या वाजल्या. एक नव्हे. दोन्ही हात भरलेले असावेत तशा. मोरीपासून पाटापर्यंत...

येत येत.

मी नाम घ्यायला तोंड उघडलं. रोज देवळात खड्या आवाजात टाळ वाजवून म्हणणारी मी. घशातून आवाज निघेना. मी तो टाक उचलला. बर्फासारखा गार. कशीबशी साखळी मालनच्या गळ्यात घातली.

रेडिओ सुरू झाला. नळावर भांडण ऐकू आलं.

चौथ्यांदा लावलेलं कुंकू राहिलं.

दारात कमल उभी होती. टोमणा मारायलाच आली असणार. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. "द्रौपदी," ती पुटपुटली, "एवढ्या बांगड्या कुणी गं भरल्यात?"

मालन जेवली नाही. रिक्षाला पैसे काढायला पर्स उघडली तर शिवदासचा फोटो नव्हता. सगळीकडे शोधला. शेवटी मी पान उचललं.

फोटो पानाखाली होता. पालथा.

सुलटा केला. शिवदासच्या चेहऱ्यावर कुंकवाची बोटं होती. तीन. गालावरून हात फिरवावा तशी.

घराची खात्री पटली होती. कागदाने पटली नसती, ती अशी पटली. हे आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मालनला कागदावर वंशावळ लिहून दिली. ती पुढच्या महिन्यात परत गेली. टाक तिच्या गळ्यातच होता. सासऱ्यांनी गावाचं नाव ऐकलं आणि दोन दिवसांनी शांतपणे गेले, असं तिचं पत्र आलं.

मी बुवांना सगळं सांगितलं. प्रत्येक गोष्टीला दृष्टांत देणारा तो माणूस. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. म्हणाले, "द्रौपदीबाई, मी गाऊन दाखवतो तेवढंच मला येतं हो."

पुढच्या वर्षी मी कमलला बसवलं. तिचे पाय धरून. पान आधी वाढलं. डोळे मिटून वाट बघितली.

बांगडी वाजली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

खोटं कशाला सांगू, मला रागच आला. इतकी वर्षं मी तिला गरमगरम वाढलं, आणि ती सवतीच्या घरी गेली! स्वतःच्या या विचाराची लाज वाटली. पण आला खरा.

मग मालनचं दुसरं पत्र आलं.

सगळं खुशाल आहे, लिहिलं होतं. शिवदासची बढती झाली. फक्त हल्ली तो जेवताना शेजारी एक पान जास्त मांडायला सांगतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. आणि शेवटी, सहज विचारावं तसं...

"काकी, एक अर्थ कळवा. मी त्यांच्याशेजारी जेवायला बसले, की रोज कानाशी ऐकू येतं. ‘वायच सरान बस गो.’ म्हणजे काय?"

म्हणजे, जरा सरकून बस.

पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आहे. रोज दिवा लावताना दिसतं.

उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.